आठ सदनिकांच्या इमारतीचाही हिशेब हवा : सांगली-मिरज-कुपवाडच्या बांधकाम व्यावसायिकांना खुले पत्र

प्रति,
सांगली, मिरज आणि कुपवाड येथील बांधकाम व्यावसायिक, ठेकेदार, वास्तुविशारद आणि सहकारी अभियंते यांस

सप्रेम नमस्कार.

मी स्थापत्य अभियंता आहे आणि याच शहरात, कधी साइट अभियंता तर कधी सल्लागार म्हणून, आपल्यापैकी अनेकांबरोबर काम करत आले आहे. हे पत्र महापालिकेला न लिहिता आपल्याला लिहीत आहे, त्याला कारण आहे. इमारत पर्यावरणाला, शहराला आणि त्यात राहायला येणाऱ्या कुटुंबाला दीर्घकाळ झेपेल की नाही, हे आपल्याकडे परवानगीच्या कागदावर फारसे ठरत नाही. पाया खणायला सुरुवात झाल्यापासून चावी हातात देईपर्यंत साइटवर रोज जे लहान लहान निर्णय होतात त्यांत ते ठरते, आणि ते निर्णय घेणारे आपण आहोत.

सांगलीची गेल्या दोन-तीन दशकांतली वाढ पाहिली तर ती मोठ्या गृहसंकुलांनी झालेली नाही. चार-पाच गुंठ्यांचा प्लॉट, खाली पार्किंग, वर तीन किंवा चार मजले आणि एकूण आठ-दहा सदनिका, अशा इमारतींनी विश्रामबाग, विजयनगर, शंभर फुटी रस्त्याचा परिसर, मिरजेकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजू आणि कुपवाडचा बराच भाग भरला आहे. पर्यावरण आणि ग्राहकहित यांसाठी गेल्या काही वर्षांत जे कायदे आणि नियम झाले, त्यांच्या मर्यादा मात्र याहून मोठ्या कामांचा विचार करून आखलेल्या आहेत. केंद्राची पर्यावरण मंजुरी २० हजार चौरस मीटर बांधकामापासून पुढे लागते. बांधकामाच्या राडारोड्याबाबतच्या २०१६ च्या नियमांनी वर्गीकरणाची आणि व्यवस्थापन आराखड्याची सक्ती केली ती दिवसाला २० टन किंवा महिन्याला ३०० टन राडारोडा निर्माण करणाऱ्यांवर. रेरा कायद्यात, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या हितासाठी बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करायला लावणाऱ्या कायद्यात, जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा सदनिका आठपेक्षा जास्त नसतील तर नोंदणीतून सूट आहे. राज्याच्या २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीतली पर्जन्यजल संकलनाची अटही ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्लॉटला लागू होते, आणि पाच गुंठे म्हणजे ५०० चौरस मीटरांहून जेमतेम पाच-सहा चौरस मीटर जास्त. थोडक्यात, आपण बांधतो त्यातल्या पुष्कळ इमारती एकेका नियमाच्या मर्यादेच्या आत बसतात आणि कोणाचेही काही चुकत नाही. पण अशा शेकडो इमारती मिळून जे शहर तयार होते, त्याच्या पाण्याचा, मातीचा आणि कचऱ्याचा हिशेब कोणाकडेच राहत नाही. हा हिशेब आपण स्वतःहून, प्रत्येक लहान साइटवर ठेवायला हवा, एवढेच मला या पत्रात मांडायचे आहे.

सुरुवात भरावापासून करते, कारण आपल्या शहरात सगळ्यात जास्त नुकसान त्याने केले आहे. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या वर गेले, २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ फुटांच्या वर गेले आणि २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा ५४ फुटांच्या वर गेले. निळी पूररेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा आणि लाल पूररेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची धरतात, हे आपण सारे जाणतो. सोळा-सतरा वर्षांत तीनदा असे पूर पाहिल्यावर त्या रेषांकडे केवळ नकाशावरची अडचण म्हणून पाहणे आपल्याला परवडणारे नाही. नियमावलीने निळ्या आणि लाल रेषेमधल्या पट्ट्यात बांधकामाला परवानगी देताना जोत्याची उंची लाल पूररेषेच्या किमान ०.४५ मीटर वर ठेवायला सांगितले आहे. नियमाचा हेतू रास्त आहे. आपण तो अमलात कसा आणतो, याविषयी मला बोलायचे आहे.

जोते उंच करायचे म्हटले की आपण मुरमाचे डंपर मागवतो आणि सगळा प्लॉट उचलतो. शेजारचा प्लॉट मग आपल्या प्लॉटच्या मानाने खोलगट होतो आणि पहिल्या वळवाच्या पावसातच तिथे पाणी तुंबते. वर्षा-दोन वर्षांत तोही प्लॉट उचलला जातो, त्यानंतर रस्ता उचलला जातो आणि सर्वांत आधी ज्याने घर बांधले त्याचे अंगण रस्त्याच्या खाली जाते. शामरावनगरच्या बाजूला अशी घरे आजही पाहायला मिळतात, जिथे रस्त्यावरून दोन पायऱ्या खाली उतरून दारात जावे लागते आणि उंबऱ्यावर विटांचा एक थर रचून त्याला सिमेंटने लिंपलेले असते, जेणेकरून पावसाचे पाणी स्वयंपाकघरात शिरू नये. त्या घरमालकाने काही चुकीचे केलेले नव्हते; त्याने त्या वेळच्या जमिनीच्या पातळीनुसार योग्य उंचीचेच जोते बांधले होते. त्याच्या भोवतीची जमीन आपण उचलली. शिवाय या भागात पाणी वाहून नेणारे जे नैसर्गिक ओत आणि ओढे होते, ते भरावाखाली गेल्यामुळे पूर नसतानाही पाणी आठ-आठ दिवस हलत नाही.

यावर उपाय अवघड नाही आणि तो आपल्याला ठाऊक आहे. प्लॉट न उचलता इमारत उचलायची. पार्किंगचा मजला खांबांवर मोकळा ठेवला, त्याला चारी बाजूंनी भिंती घालून दुकान, खोली किंवा गोदाम केले नाही, आणि जमिनीची मूळ पातळी कायम ठेवली, तर पाणी येते तसे निघूनही जाते. कंपाउंडच्या भिंतीला तळाशी पाण्याला वाट ठेवली तर शेजाऱ्याचा प्लॉट तळे होत नाही. आणि काम सुरू करण्यापूर्वी आपल्या प्लॉटबरोबरच समोरचा रस्ता, शेजारचे दोन-तीन प्लॉट आणि जवळचा ओढा यांच्या पातळ्या घेऊन त्या कागदावर नोंदवल्या, तर पुढच्या माणसालाही त्या उपयोगी पडतात. पातळ्या घ्यायला लेव्हल मशीन आणि एक सकाळ पुरते.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगते. २०१९ च्या पुरानंतर ज्या अपार्टमेंटमध्ये दुरुस्तीच्या सल्ल्यासाठी मला बोलावले गेले, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी भिंती आणि खांब शाबूत होते. बिघडले होते ते पार्किंगच्या भिंतीवर छातीच्या उंचीला बसवलेले मीटर बोर्ड, खड्ड्यातला पाण्याचा पंप आणि लिफ्टच्या तळाची यंत्रणा. पाणी ओसरल्यावर लोक घरी परतले, पण वीज नाही म्हणून पंप नाही आणि पंप नाही म्हणून वरच्या टाकीत पाणी नाही, अशा अवस्थेत वयस्कर माणसांनी बादल्या घेऊन जिने चढउतार केले. मीटर बोर्डाची जागा वीज कंपनीशी बोलून पहिल्या मजल्याच्या जिन्याच्या चौकात घेणे, पंपाचे स्टार्टर वर ठेवणे, ड्रेनेजच्या वाहिनीला उलट्या दिशेने येणारे पाणी अडवणारी झडप बसवणे, ही कामे आराखड्याच्या वेळी केली तर खर्च किरकोळ आहे. नंतर करायची झाली तर भिंती फोडाव्या लागतात.

पाया खणताना निघणाऱ्या मातीचा प्रश्न भरावाशी जोडलेला आहे. आपल्याकडे काळी माती खोलवर आहे. ती ओली झाली की फुगते आणि वाळली की तडकते, म्हणून आपण ती काढून टाकतो आणि तिच्या जागी माळावरून, टेकड्या पोखरून आणलेला मुरूम भरतो. काढलेली माती बहुधा रात्रीच्या ट्रॅक्टरने जवळच्या ओढ्याच्या काठावर जाते. दुसरीकडे मिरज पूर्व भाग, कवठेमहांकाळ आणि जत तालुक्यांतल्या हलक्या जमिनीचे शेतकरी तलावातला गाळ आणि काळी माती पैसे मोजून शेतात नेतात. दोन्ही गरजा एकाच जिल्ह्यात असताना त्यांची गाठ पडत नाही, कारण कोणत्या साइटवर कधी आणि किती माती निघणार आहे, हे आधी कोणी कोणाला सांगत नाही. वरची सुपीक माती राडारोड्यात मिसळण्यापूर्वी वेगळी ठेवणे आणि गौण खनिजाचे रीतसर परवाने घेऊन ती शेतकऱ्यापर्यंत पोहोचवणे, एवढे काम आपल्या बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेचे कार्यालय सहज करू शकेल.

आता राडारोड्याविषयी. जुना वाडा किंवा तीस वर्षांची दुमजली इमारत पाडून नवी उभी करण्याचे प्रमाण गावभागात आणि मिरजेच्या जुन्या वस्तीत वाढते आहे. पाडकामाचे कंत्राट घेणारा माणूस लाकूड, दरवाजे, सळई आणि चांगल्या विटा आधीच वेगळ्या करतो, कारण त्यांना बाजारात किंमत आहे. या बाबतीत आपल्याकडची जुनी पद्धत चांगलीच आहे आणि सागवानाचा एक वासाही वाया जात नाही. उरतो तो चुन्याचा किंवा सिमेंटचा गिलावा, विटांचे तुकडे, काँक्रीटचे ढेकळ आणि फरशीचे कपरे. हे सारे एकत्र भरून ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेला, शेरीनाल्यासारख्या नाल्यांच्या काठावर किंवा एखाद्या रिकाम्या प्लॉटवर रिकामा होतो. समडोळी रस्त्यावरचा आणि बेडग रस्त्यावरचा कचरा डेपो घरगुती कचऱ्यासाठी आहेत. तिथे हे दगड-विटांचे ढीग नेणे हा उपाय नव्हे. २०१६ च्या नियमांनी राडारोड्यासाठी स्वतंत्र व्यवस्था उभारण्याची जबाबदारी महापालिकांवर टाकली आणि त्यासाठी लोकसंख्येनुसार मुदती दिल्या. २०११ च्या जनगणनेत आपल्या महापालिकेची लोकसंख्या पाच लाखांच्या वर होती आणि या सर्व मुदती केव्हाच उलटून गेल्या आहेत. तरीही महापालिकेने आधी केंद्र उभारावे आणि मग आम्ही वर्गीकरण करू, असे म्हणत थांबणे मला पटत नाही, कारण वर्गीकरण साइटवरच होऊ शकते. एकदा सगळे एकत्र मिसळले की ते परवडणाऱ्या दरात वेगळे करणे फार अवघड होते.

त्या नियमांनी चार भाग सांगितले होते: काँक्रीट; माती; लोखंड, लाकूड आणि प्लास्टिक; आणि विटा व गिलावा. साइटच्या एका कोपऱ्यात चार वाफे आखून मुकादमाला दाखवून दिले तर बिगारी पहिल्या आठवड्यानंतर आपोआप त्याप्रमाणे टाकतात, हा माझा अनुभव आहे. अडचण येते ती जागेची, कारण लहान प्लॉटवर वाळू, खडी आणि विटा उतरवल्यावर पाऊल टाकायलाही जागा उरत नाही. म्हणून एकाच भागात काम करणाऱ्या चार-पाच व्यावसायिकांनी मिळून एखादा रिकामा प्लॉट भाड्याने घ्यावा आणि तिथे काँक्रीट व विटा साठवाव्यात, अशी माझी सूचना आहे. पुरेसा साठा झाला की फिरता क्रशर आणून तो दळता येईल. दळलेल्या काँक्रीटचे करायचे काय, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. खडी आणि वाळूच्या भारतीय मानकाने, म्हणजे आयएस ३८३ ने, २०१६ च्या आवृत्तीपासून त्याचे उत्तर दिलेले आहे. जुन्या काँक्रीटपासून केलेली खडी एम २५ पर्यंतच्या (एम आणि त्यापुढचा आकडा म्हणजे काँक्रीटच्या ताकदीची प्रत) सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत, साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत आणि एम १५ पेक्षा कमी प्रतीच्या काँक्रीटमध्ये पूर्णपणे वापरता येते. सळईच्या कामात ती वापरायला आपण कचरतो, हे मी समजू शकते. तिची पाणी शोषण्याची क्षमता जास्त असते आणि प्रत्येक खेपेची चाचणी करावी लागते. पण पायाखालचा कोबा, पार्किंगच्या फरशीखालचा थर आणि कंपाउंडच्या आतले रस्ते यांत ती वापरायला काही हरकत नाही, आणि त्यामुळे माळावरचा तेवढा मुरूम आणि खाणीतली तेवढी खडी वाचते.

नवीन कामात निघणारा राडारोडा मात्र बराचसा टाळता येण्यासारखा असतो आणि त्याचे मूळ नियोजनात आहे. गिलावा झालेल्या खोलीत इलेक्ट्रिशियन येतो आणि पाइपासाठी झिरी मारतो. त्याची झिरी बुजवून गवंडी निघून जातो न जातो तोच प्लंबर येऊन बाथरूमची भिंत फोडतो. त्यानंतर ग्राहक येतो आणि स्वयंपाकाचा ओटा दुसऱ्या भिंतीला हवा म्हणतो. प्रत्येक वेळी घमेली भरभरून मलबा निघतो, विटांचा सांधा खिळखिळा होतो आणि पुढे त्याच जागी ओल येते. वीटकामापूर्वी वास्तुविशारद, इलेक्ट्रिशियन आणि प्लंबर यांनी एकदा एकत्र बसून एका सदनिकेचा नकाशा पक्का केला, ग्राहकाला बदल सांगण्यासाठी वीटकामापूर्वीची एक तारीख लेखी दिली आणि एका मजल्यावर खडूने आखून दाखवले, तर यातले बहुतेक फोडकाम वाचते. सळईचेही तसेच आहे. बारा मीटरच्या सळईतून कोणते तुकडे कसे निघतील, याचे वेळापत्रक आधी केले तर भंगारात जाणारे लोखंड किती कमी होते, हे ज्यांनी केले आहे त्यांना विचारावे. या सुधारणांसाठी नवे तंत्रज्ञान लागत नाही, म्हणून मला त्या अधिक महत्त्वाच्या वाटतात.

पाण्याबद्दल. काँक्रीटला पाणी मारणे आवश्यकच आहे. साध्या पोर्टलँड सिमेंटला किमान सात दिवस आणि राखेचे मिश्रण असलेल्या सिमेंटला किमान दहा दिवस, हे मानक आपण पाळलेच पाहिजे. पण कॉलमला पाणी मारायचे म्हणून नळी चालू ठेवून बिगारी दुसऱ्या कामाला जातो आणि ते पाणी कॉलमवर न थांबता खालच्या खड्ड्यात साचते, हे पाणी मारणे नव्हे. कॉलमला गोणपाट गुंडाळून ते ओले ठेवले तर कितीतरी कमी पाण्यात काँक्रीट अधिक चांगले पिकते. स्लॅबवर आळी करून पाणी साठवतो तेव्हा ती आळी सिमेंटच्या मालाऐवजी मातीची करावीत. सिमेंटची केली तर ती नंतर फोडून पुन्हा राडारोड्यातच जातात. त्याहून गंभीर बाब बोअरच्या पाण्याची आहे. कृष्णाकाठच्या क्षारपड पट्ट्यात बोअरचे पाणी खारट लागते आणि तरीही आपण ते काँक्रीट मिसळायला वापरतो. सळईच्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराइडचे प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, अशी मर्यादा मानकात आहे, आणि पाण्याची चाचणी करायला वालचंद महाविद्यालयासारखी जुनी अभियांत्रिकी संस्था आपल्या शहरातच आहे. एका चाचणीचा खर्च आणि दहा-पंधरा वर्षांनी गंजलेल्या सळईमुळे फुगून सुटणाऱ्या स्लॅबचा खर्च यांची तुलना करण्याची गरज नसावी.

पावसाच्या पाण्याच्या बाबतीत नियमाची केवळ पूर्तता करू नका, अशी माझी विनंती आहे. काळ्या मातीत पाणी मुरत नाही आणि सखल भागात पावसाळ्यात भूजल जमिनीच्या जवळ आलेले असते. तिथे वाळू-खडी भरलेला शोषखड्डा खणून त्याचा फोटो परवानगीच्या कागदांना जोडण्याने काहीही साध्य होत नाही. अशा जागी गच्चीचे पाणी गाळून साठवण टाकीत घ्यावे आणि ते गाड्या धुण्याला, झाडांना आणि शौचालयांना वापरावे. विश्रामबाग किंवा कुपवाडच्या उंच भागात, जिथे खाली मुरूम आणि खडक लागतो, तिथे गाळणी बसवून बोअरचे पुनर्भरण करणे योग्य ठरते. कोणत्या प्लॉटला काय लागू पडेल, हे पाया खणतानाच कळते.

सामग्रीच्या निवडीवर फार लांबण लावत नाही. एक टन क्लिंकर, म्हणजे सिमेंटचा भट्टीत भाजलेला मूळ घटक, तयार होताना पाऊण टनाहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणून कोळशाची राख किंवा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) मिसळलेले सिमेंट वापरणे हा आपल्या हातातला सर्वांत सोपा उपाय आहे. राखमिश्रित सिमेंटमध्ये ३५ टक्क्यांपर्यंत राख असते. त्याला सुरुवातीची ताकद उशिरा येते म्हणून घाईतले ठेकेदार ते नाकारतात. सेंट्रिंग, म्हणजे काँक्रीटला आधार देणारे साचे, काढण्याचे वेळापत्रक थोडे लांबवले तर तो आक्षेप उरत नाही, आणि क्षारयुक्त जमिनीत, पायाच्या कामासाठी तर ते अधिक टिकाऊ आहे. नदीकाठच्या गाळाची भाजलेली वीट आपल्या सवयीची असली तरी तिच्यासाठी शेतीची वरची माती जाते. सोलापूरजवळच्या औष्णिक वीज केंद्रासारख्या ठिकाणच्या राखेपासून विटा करता येतात आणि वरच्या मजल्यांना त्या किंवा हलके ब्लॉक वापरावेत. पुराचे पाणी पोहोचते त्या उंचीपर्यंत मात्र हलके ब्लॉक वापरू नयेत. ते पाणी शोषतात आणि महिनोन्महिने वाळत नाहीत. पर्यावरणपूरक म्हणून विकली जाणारी प्रत्येक वस्तू आपल्या नदीकाठाला चालेलच असे नाही.

एवढे सगळे लिहूनही ज्यांच्या हातांनी हे घडते त्यांच्याबद्दल लिहिले नाही तर पत्र अपुरे राहील. आपल्या साइटवरचे गवंडी, सेंट्रिंगवाले, फिटर आणि बिगारी जत तालुक्यातून, विजापूर भागातून आणि अलीकडे त्याहून दूरच्या राज्यांतून येतात. पत्र्याच्या खोपटात, अर्धवट बांधलेल्या पार्किंगमध्ये त्यांचे संसार चालतात. १९९६ साली झालेल्या कायद्याने बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर घेऊन त्यातून कामगारांच्या कल्याणाची तरतूद केली आणि तो उपकर आपण भरतोही. पण त्या योजनांचा लाभ मिळण्यासाठी कामगाराची नोंदणी व्हावी लागते आणि नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचे प्रमाणपत्र लागते. ते प्रमाणपत्र देताना ठेकेदार टाळाटाळ करतो, कारण आपल्यावर काही जबाबदारी येईल अशी त्याला भीती वाटते. परिणामी पैसे भरणारे आपण, पैसे साठवणारे कामगार कल्याण मंडळ आणि लाभ ज्याच्यासाठी तो कामगार, यांच्यातली साखळी केवळ एका सहीअभावी तुटते. प्रत्येक साइटवर हजेरीपत्रक व्यवस्थित ठेवावे आणि काम संपताना मागणी नसतानाही प्रमाणपत्र द्यावे. साइटवर पहिल्या दिवशी जे बांधायचे ते शौचालय असावे आणि स्त्रियांसाठी ते वेगळे असावे, याची आठवण आजही करून द्यावी लागते, याचे मला वाईट वाटते.

चावी दिल्यानंतरचा टप्पा आपण आपला मानत नाही. आपल्याकडे बहुतेक इमारतींत अपार्टमेंट असोसिएशन होते आणि तिच्या पहिल्या सभेतच भांडणे सुरू होतात, कारण ड्रेनेजचे चेंबर कुठे आहे, बोअरची मोटर किती खोल आहे, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला कोणते साहित्य वापरले, हे कोणालाच ठाऊक नसते. पुढे गळती सुरू झाली की अंदाजाने फोडाफोडी होते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत दुरुस्ती निधीसाठी बांधकाम खर्चाच्या वार्षिक ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडासाठी (पुढच्या मोठ्या दुरुस्त्यांसाठी साठवायच्या निधीसाठी) ०.२५ टक्के वर्गणीची तरतूद आहे. असोसिएशनलाही तो दंडक म्हणून सुचवता येईल, पण तो सुचवणारा माणूस व्यावसायिकच असायला हवा, कारण पहिल्या दिवशी लोक त्याचेच ऐकतात. तीस वर्षांनी ती इमारत पाडताना किंवा दुरुस्त करताना पुढच्या अभियंत्याला काय सापडेल, याचा विचार आजच केला पाहिजे.

आपला मुख्य आक्षेप मला माहीत आहे, कारण तो मी अनेक बैठकांत ऐकला आहे. ग्राहक दर चौरस फुटाचा भाव विचारतो, फॉल्स सीलिंग आणि मॉड्युलर किचन पाहतो. जमिनीखालच्या वाहिन्यांची किंवा राडारोड्याची चौकशी करत नाही. जो हे सगळे करील त्याचा भाव वाढेल आणि जो करणार नाही त्याचे फ्लॅट आधी विकले जातील. हा आक्षेप खोटा नाही. पण वर सांगितलेल्यांपैकी बऱ्याच गोष्टींनी खर्च वाढत नाही, काहींनी कमी होतो, आणि ज्यांनी थोडा वाढतो त्यांच्या बाबतीत सर्वांनी मिळून एकच पद्धत स्वीकारली तर कोणा एकाचे नुकसान होत नाही. शिवाय २०१९ नंतर सांगलीतला ग्राहक बदलला आहे. तो आज पहिला प्रश्न विचारतो तो असा, की या प्लॉटवर त्या वर्षी पाणी कुठवर आले होते. त्याला प्रामाणिक, कागदावर लिहिलेले उत्तर देऊ शकणारा व्यावसायिक आपला भाव टिकवू शकेल, असा मला विश्वास वाटतो.

म्हणून माझी नेमकी विनंती अशी आहे. प्लॉट कितीही लहान असो, प्रत्येक साइटवर एक नोंदवही असावी. तिच्यात मूळ जमिनीच्या आणि रस्त्याच्या पातळ्या, आलेला भराव व तो कोठून आला, गेलेली माती व ती कोठे गेली, राडारोड्याची प्रत्येक खेप, वापरलेले पाणी व त्याची चाचणी, सिमेंटचा प्रकार, कामगारांची हजेरी आणि त्यांचे नोंदणी क्रमांक लिहिले जावेत. भिंती आणि फरशी बंद होण्यापूर्वी आतल्या पाइपांचे आणि सळईचे फोटो घेऊन ते तिला जोडावेत. काम पूर्ण झाल्यावर तिची एक प्रत असोसिएशनला द्यावी आणि एक महापालिकेच्या नगररचना विभागाकडे, मागितली नसली तरी, भोगवटा प्रमाणपत्राच्या अर्जासोबत जोडावी. पुरेशा जणांनी तसे केले तर ती जोडण्याची अट घालणे महापालिकेलाही सोपे जाईल, आणि ती अट मोठ्या-लहान सर्वांना सारखी असेल.

अशा नोंदवहीचा कच्चा नमुना मी तयार केला आहे. तो साइटवरच्या मुकादमाला भरता येईल इतका सोपा ठेवण्याचा प्रयत्न केला आहे, तरी त्यात काय जास्त आहे आणि काय राहून गेले आहे, हे आपल्यासारख्या अनुभवी मंडळींकडून समजून घ्यायचे आहे. आपल्या पुढच्या मासिक बैठकीत मला अर्धा तास मिळाला तर तो घेऊन मी येईन, आणि ज्यांचे काम या पावसाळ्यानंतर सुरू होणार आहे अशा दोन-तीन व्यावसायिकांनी पहिल्या साइट त्यासाठी द्याव्यात, अशी माझी अपेक्षा आहे. त्या साइटवर नोंदवही लावून देण्याचे आणि ती तपासण्याचे काम मी कोणतेही शुल्क न घेता करीन.

कळावे.

आपली सहव्यावसायिक,
एक स्थापत्य अभियंता
विश्रामबाग, सांगली